‘सॉरी’ म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

बाई, नमस्कार.

मी भांडुपला राहते, ऐरोलीच्या एका कंपनीत काम करते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी कामापुरतं बरं आहे. पाच महिन्यांपूर्वी माझे बाबा गेले. बेस्टमध्ये कंडक्टर होते, निवृत्त होऊन तीनच वर्षं झाली होती. तेरावा झाल्यावर मी कामावर गेले, तेव्हा अमेरिकेतला आमचा मॅनेजर कॉलवर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आय अ‍ॅम सो सॉरी.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नो नो सर, इट्स नॉट युअर फॉल्ट.’ दोन-तीन सेकंद कोणीच बोललं नाही. कॉल संपल्यावर टीममधला एक जण हसत म्हणाला, ‘अगं, तो माफी मागत नव्हता.’ ते हसणं अजून कानातून जात नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मँचेस्टरच्या ऑफिसातल्या माझ्या सहकारिणीची आई गेली. आम्ही दोन वर्षं रोज बोलतो. एकदा कॉल चालू असताना तिची आई तिच्याजवळ चहाचा कप ठेवायला आली आणि स्क्रीनवर मला बघून हात हलवला होता. मी दोन तास बसून लिहिलं, ‘प्लीज अ‍ॅक्सेप्ट माय हार्टफेल्ट कंडोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज ऑफ युअर मदर. मे हर सोल रेस्ट इन पीस. बी स्ट्राँग.’ उत्तर आलं, ‘थँक्स, दॅट्स काइंड.’ एवढंच. तिला आवडलं नसेल का?

आणखी एक. बाबांसाठी ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर मिळून शंभरावर ‘आरआयपी’ आले. ते वाचून मला रडू नाही, राग आला. पण शेजारच्या काकू पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मी त्यांच्या कुशीत ढसाढसा रडले. माझंच काही चुकतंय का? इंग्रजीत दुःख बोलायची रीत मला कोणी शिकवलीच नाही. मॅनेजरला आता काही सांगावं का? आणि मैत्रिणीला पुन्हा लिहावं, की उशीर झाला?

– एक वाचक, भांडुप

तू मला ‘बाई’ म्हणालीस. चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या हाकेला अजून आपोआप ओ दिली जाते.

तुझे बाबा गेले, फार वाईट झालं गं. आयुष्यभर उभं राहून नोकरी केली आणि निवांत बसायला तीनच वर्षं मिळाली त्यांना. आधी हे. सॉरीचं नंतर.

‘मला कोणी शिकवलीच नाही’ हे तुझं वाक्य मला लागलं, कारण शिकवायला हवं होतं ते आम्ही. रजेचा अर्ज शिकवला, तक्रारीचं पत्र शिकवलं, अभिनंदनाचं शिकवलं. सांत्वनाच्या पत्राला मार्क होते, म्हणून तेही शिकवलं, आणि फळ्यावर लिहून दिलं ते हेच, ‘सॅड डिमाइज’. समोर बसलेल्या माणसाने ‘सॉरी’ म्हटलं तर तोंडाने काय उत्तर द्यायचं, हे पुस्तकात नव्हतं, म्हणून वर्गातही आलं नाही.

सॉरी हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘सारिग’वरून आला. दुखरं, ठणकणारं या अर्थाचा ‘सोअर’ त्याच्याच घरातला. म्हणजे मुळात त्या शब्दात माफी नव्हती, होतं ते नुसतं दुखणं. ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणजे ‘मला दुखतंय’. तुझा पाय मी चुकून तुडवला तरी मला दुखतंय आणि तुझे वडील गेले तरी मला दुखतंय. इंग्रजीने दोन्ही ठिकाणी तोच शब्द ठेवला. आपल्या मुंबईत तो शब्द आला तो मात्र अर्धाच. लोकलमध्ये कोपर लागलं, सॉरी. राँग नंबर लागला, सॉरी. यायला उशीर झाला, सॉरी. लहानपणापासून हा शब्द तू माफीसाठीच ऐकलास, मग कोणी माफी मागतोय असं वाटल्यावर ‘तुमची काय चूक?’ म्हणणं हा तुझा चांगुलपणाच होता. तुझ्या घरचे संस्कार त्या वाक्यात बोलले.

आपल्या भाषेतही हेच झालेलं आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. ‘दिलगीर’ हा शब्द घे. फारसीतून आला, ज्याचं दिल धरलं गेलंय, काळीज आवळलं गेलंय, तो दिलगीर. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपल्या मुंबईतच छापला गेला, पहिल्यांदा १८३१ मध्ये, दुसऱ्यांदा १८५७ मध्ये. त्यात दिलगीरचा अर्थ दुःखी, खिन्न असा आहे. आज पेपरात ‘चुकीबद्दल दिलगीर आहोत’ वाचलं की आपल्याला माफीशिवाय दुसरं काही सुचत नाही. गाडी रखडली की स्टेशनवर ‘हमें खेद है’ ऐकू येतं. खेद म्हणजेही मुळात दुःखच. दुःखाचे शब्द माफीच्या कामाला लावायची खोड एकट्या इंग्रजीची नाही. कोणी उद्या तुझ्या बाबांसाठी ‘मी दिलगीर आहे’ म्हणालं असतं, तर तूही गोंधळली असतीसच ना?

आणि तिकडे जन्मलेली, इंग्रजीतच वाढलेली माणसंही या ‘सॉरी’ला ‘इट्स नॉट युअर फॉल्ट’ म्हणतात. कधी अवघडून, कधी कडवटपणे, कधी काही सुचत नाही म्हणून. म्हणूनच बरेच जण नुसतं ‘सॉरी’ न म्हणता ‘आय अ‍ॅम सॉरी टु हिअर दॅट’ म्हणतात. ‘ऐकून’ हा शब्द मध्ये आला की माफीचा संशय उरत नाही. तेव्हा तुझ्या मॅनेजरला तुझं उत्तर नवीन नसणार. ते दोन-तीन सेकंद तो तुला हसत नव्हता, पुढे काय बोलावं हे बहुधा शोधत होता.

हसला तो आपलाच माणूस, आणि त्याचा मला खरंच राग आला. वडिलांचा तेरावा करून आलेल्या मुलीचं इंग्रजी तपासायची ती वेळ होती का? आपल्याकडे इंग्रजी येणं म्हणजे वरच्या पायरीवर उभं राहणं, ही समजूत इतकी मुरली आहे की दुसऱ्याच्या दुःखातही ती पायरी सोडवत नाही. त्याच्या हसण्यावरून स्वतःला मोजू नकोस. ते कानातून काढून टाक.

आता उत्तर. ते दोनच शब्दांचं आहे, ‘थँक यू’. हे आपल्या घशाखाली उतरत नाही, मला माहीत आहे. दुःखाच्या घरी आपण आभार मानत नाही. भेटायला आलेला निघताना ‘येते’ म्हणत नाही आणि घरचे ‘या’ म्हणत नाहीत. चहा होत नाही. कोणी कोणाचं देणं लागत नाही. बोललंच तर आपण म्हणतो, ‘काय करणार, आपल्या हातात काय असतं.’ मग वडील गेल्याबद्दल ‘थँक यू’ म्हणायचं म्हणजे अंगावर काटा येतो. पण ते आभार मरणाबद्दल नसतात. समोरच्याने स्वतःचा संकोच बाजूला ठेवून बोलायचं धाडस केलं, त्याची ती पोच असते. त्याने हात पुढे केला, तू तो धरलास. ‘थँक यू’नंतर हवं तर ‘दॅट मीन्स अ लॉट’ जोड, नको तर नको. घशात आवंढा आला असेल आणि सगळ्यांसमोर रडायचं नसेल, तर ‘थँक यू. शॅल वी स्टार्ट?’ म्हण. विषय पुढे नेण्याचा हक्क त्या वेळी तुझा असतो आणि तू तो वापरलास की समोरचेही सुटतात. मात्र ‘काय करणार’चं ‘व्हॉट टु डू’ करू नकोस. आपल्या वाक्यात शरणागती असते, त्यांना त्यात हात झटकल्यासारखं ऐकू येतं.

मँचेस्टरची मैत्रीण रागावलेली नाही. ‘दॅट्स काइंड’ हे तिकडे जिव्हाळ्याने म्हणतात. आई गेल्यावर आठवड्याभरात लांब उत्तर लिहायला माणसाच्या हातात बळ नसतं. तूही त्या शंभर जणांना काय लिहिलंस आठव. हात जोडलेलं चित्र पाठवलं असशील.

पण तुझ्या त्या संदेशाबद्दल मला बोलायचंय, कारण त्यातला शब्द न् शब्द आमच्या फळ्यावरून आलेला आहे. ‘डिमाइज’ इंग्रजांच्या घरात कोणी बोलत नाही. तो वकिलांचा शब्द, किंवा एखादं साम्राज्य लयाला गेलं, जुनी कंपनी बंद पडली, तेव्हाचा. आणि कोणाचं मरण ‘सॅड’ नसतं, की ते वेगळं सांगावं? दुसरा आपला लाडका शब्द ‘एक्सपायर्ड’. तू तो वापरला नाहीस, तरी त्याच्याविषयी सांगते, कारण तो माझ्या आयुष्यात एका दिवशी आला तेव्हापासून निघालेला नाही.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. आमच्या मजल्यावर एका खोलीत कोकणातून आलेले दहा-बारा गिरणी कामगार राहत, पाळीप्रमाणे झोपत. बायका-मुलं, म्हातारी आई गावाला. तार आली की चाळीत सगळे आधीच चरकायचे, कारण आनंदाची बातमी पोस्टकार्डाने यायची. तार बहुतेक इंग्रजीत असायची आणि मग इंग्रजी शिकणारं जे पोर जवळ असेल त्याला हाक मारायची. मी आठवीत होते. त्या खोलीतल्या एका काकांची तार माझ्या हातात दिली. ‘मदर एक्सपायर्ड स्टार्ट इमिजिएटली.’ मदर कळलं, स्टार्ट कळलं, इमिजिएटली मोठा शब्द होता पण तोही कळला. मधला शब्द शाळेत झालेला नव्हता. मी अडखळले, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले, आणि वर बघते तर काका कठड्याला पाठ टेकून हळूहळू खाली बसत होते. मला न कळलेला शब्द त्यांना कळला होता.

मग काय झालं ते ऐक. कोणी काही म्हणालं नाही. एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. दुसऱ्याने खुंटीवरची पिशवी काढून त्यात त्यांचे दोन सदरे भरले. एक जण रात्रीच्या एस.टी.चं बघायला पळाला. खोलीतल्या डब्यातून, शेजारून, खालच्या वाण्याकडून पैसे गोळा झाले. माझ्या आईने भाकरी बांधून दिली. काकांना गाडीत बसवून माणसं परत आली आणि आपापल्या पाळीला गेली. ‘धीर धरा’ हेसुद्धा कोणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

तार आता राहिली नाही, जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. ‘एक्सपायर्ड’ मात्र राहिला. दवाखान्याच्या कागदावर, रजेच्या अर्जात, फोनवर आपण अजून तोच वापरतो. तिकडे रोजच्या बोलण्यात एक्सपायर होतं ते दूध, औषध, पासपोर्ट. साधा ‘डाइड’ शब्द चालतो. तो आपल्याला उघडा, निष्ठुर वाटतो, त्यांना वाटत नाही. ‘पास्ड अवे’ही चालतो. मैत्रीण आईला ‘मम’ म्हणत असेल तर तूही ‘मम’च लिही, ‘मदर’ नको. ज्या शब्दाने तिने आईला हाक मारली तो शब्द दुसऱ्याच्या हातून आला की वेगळाच लागतो. दुखतो आणि बरंही वाटतं.

‘बी स्ट्राँग’ काढून टाक. ते आपल्या ‘धीर धर’चं भाषांतर आहे, पण ‘धीर धर’ कधी एकटं येत नाही. ते म्हणताना आपला हात खांद्यावर असतो, आपले डोळे भरलेले असतात. हात आणि डोळे मागे राहिले आणि नुसते शब्द समुद्रापलीकडे गेले की त्याचा हुकूम होतो.

‘अ‍ॅट लीस्ट’नेही सुरुवात करायची नाही. निदान त्यांना त्रास झाला नाही, निदान सगळं बघून गेल्या, हे सगळं त्यातलंच. आपल्याकडे दीर्घ आजारानंतर ‘सुटले बिचारे’ म्हणतात. ते ज्याने रात्र रात्र जागून केलं त्याने म्हणावं. बाहेरून आलेल्याने ते म्हटलं की घरच्यांच्या काळजाला घरं पडतात. इंग्रजीत तर ते अजिबात नको.

आणि एक खड्डा आहे, तिथे आपली बरीच माणसं पडतात. ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस’ हे बरोबर. पण ‘आय फील सॉरी फॉर यू’ म्हटलं की अर्थ फिरतो, त्याची कीव होते. मराठीत आपल्याकडे कणव आहे, कळवळा आहे, दया आहे, कीव आहे. कुठे थांबायचं हे आपल्याला उपजत कळतं. इंग्रजीत एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणूस वरून खाली बघतोय असं वाटतं. मघाशी म्हटलेली ती पायरी, तीच.

आता तुझा राग. मला वाटतं, तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न तो आहे. ‘आरआयपी’ म्हणजे रेस्ट इन पीस, मागे लॅटिन प्रार्थना आहे, ख्रिस्ती कबरींवर कोरलेली असते. आपलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ घे. दोन्ही कोणाला उद्देशून आहेत? गेलेल्याला. तू शांत झोप, तुला ही ओंजळ. जो मागे उरला, जो फोन हातात घेऊन ते वाचतोय, त्याच्यासाठी त्यात काहीच नाही. तुझ्या बाबांना शंभर जणांनी निरोप दिला, तुझ्याशी कोणी बोललं नाही. राग येणारच. इंग्रजीतला ‘कंडोलन्स’ शब्द मुळात ‘सोबत दुःख करणं’ असा आहे, आपलं ‘सांत्वन’ही जिवंत माणसासाठीच असतं. गावाकडे म्हणतात ना, ‘समाचाराला जाऊन येते.’ समाचार मेलेल्याचा घेत नाहीत.

त्या शंभर जणांवर डूख धरू नकोस मात्र. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा, इमारतींना टाळे, सख्खा भाऊ पलीकडच्या उपनगरात असूनही पोचू शकत नव्हता. तेव्हा बोटानेच जावं लागलं. नंतर रस्ते उघडले, गाड्या सुरू झाल्या, पण बोटाची सवय राहिली. ज्याला खरंच हळहळ वाटली त्यालाही आता तीन अक्षरांपलीकडे काय लिहावं सुचत नाही. त्यातले निम्मे तरी असे असतील.

आणि काकू? त्यांनी तेच केलं जे त्या चाळीतल्या माणसांनी केलं. आपल्याकडे दुःख वाटून घ्यायचं ते पायांनी, हातांनी. चालत जायचं, जवळ बसायचं, चूल पेटलेली नसते म्हणून पिठलं-भात न्यायचा, पहिल्या दिवाळीला त्या घरी कढई चढत नाही म्हणून आपल्या घरचा फराळ द्यायचा. शब्दांना आपण त्यात फारसं काम ठेवलंच नाही. तुझ्या मॅनेजरकडे मात्र वाक्याशिवाय काही नव्हतं. तो साता समुद्रापलीकडे, तो पातेलं कसं आणणार? त्याचं ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ हेच त्याचं पातेलं होतं. आपल्याला ते रिकामं वाटतं, कारण आपण त्यात भात शोधतो.

म्हणून इंग्रजीत लिहिताना एकच कर. तिच्या घरी चालत गेली असतीस तर बरोबर काय नेलं असतंस, ते वाक्यात ठेव. तुझ्याकडे ते आहे! तिच्या आईने कप ठेवला आणि तुला हात हलवला. तुझ्या सगळ्या पत्रात ती ओळ वाचून मी थांबले, आणि नेमकी तीच तू तिला लिहिली नाहीस. ‘हार्टफेल्ट’ लिहिलंस.

आणखी एका गोष्टीने आपली आणि त्यांची चुकामूक होते. आपल्याकडे भेटायला आलेला पहिला प्रश्न विचारतो, ‘काय झालं होतं?’ आणि घरचा माणूस सांगतो. सकाळी चहा घेतला, मग म्हणाले जरा पडतो, मग मी हाक मारली. दुसरा येतो, पुन्हा पहिल्यापासून. तेराव्यापर्यंत ती हकिकत पन्नास वेळा सांगून होते, आणि सांगता सांगता सांगणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसू लागतो. मी माझे यजमान गेले तेव्हा हे अनुभवलं. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगत होते. दहाव्या दिवशी ती माझी झाली. इंग्लंड-अमेरिकेच्या ऑफिसात हे सहसा विचारत नाहीत. कसं झालं हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, असं त्यांना वाटतं. म्हणून तुला वाटलं असेल, याने साधं विचारलंसुद्धा नाही, काय झालं तुझ्या वडिलांना. त्याला ते विचारायची भीती वाटली असेल. आणि तू मैत्रिणीला लगेच ‘व्हॉट हॅपन्ड?’ लिहिलं असतंस तर तिला ते टोचलं असतं. दार उघडं ठेवायचं, ढकलायचं नाही, हे तिथे बरं. आयर्लंडमध्ये मात्र अजून मयताच्या घरी रांग लावून माणसं जातात, हात हातात घेतात, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणतात, चहा-सँडविच होतं. सगळे इंग्रजी बोलणारे एकाच घरचे नाहीत. मुंबईत तरी कुठे आहेत? इथे गुजराती शेजाऱ्याचं बेसणं असतं, पंजाब्यांचा चौथा असतो, वसई-वांद्र्याच्या कॅथलिक घरांत महिन्याने मिस्सा असते, आणि आपण प्रत्येक ठिकाणी आजूबाजूला बघून जमेल तसं वागतो. तेवढंच इथेही करायचं आहे.

मॅनेजरला खुलासा करायची गरज नाही, आणि माफी तर मुळीच नको. मनात सलतच असेल, तर कधी दोघंच कॉलवर असाल तेव्हा म्हण, ‘थँक यू फॉर व्हॉट यू सेड अबाउट माय फादर. आय डिडन्ट नो हाउ टु आन्सर दॅट डे.’ पुढे काही जोडू नकोस. तो काय बोलतो ते ऐक.

मैत्रिणीला जरूर लिही. उशीर झालेला नाही. पहिल्या आठवड्यात सगळे लिहितात, तिसऱ्या महिन्यात कोणी लिहीत नाही, आणि तेव्हाच घर खायला उठतं. तू हे स्वतः भोगते आहेस. असं काहीसं लिही, तुझ्या शब्दांत:

‘आय हॅव बीन थिंकिंग ऑफ यू अँड युअर मम. आय रिमेंबर हर पुटिंग दॅट कप ऑफ टी नेक्स्ट टु यू अँड वेव्हिंग अ‍ॅट मी. इट मेड माय डे. माय डॅड डाइड धिस इयर टू, सो आय नो सम डेज आर हार्ड. नो नीड टु रिप्लाय.’

आपल्या दुःखाची एकच ओळ आहे बघ त्यात, मुद्दाम. एक ओळ म्हणजे शेजारी बसणं. चार ओळी झाल्या की तिला उठून तुझे डोळे पुसावे लागतात. आणि शेवटचं ‘उत्तर द्यायला नको’ हे विसरू नकोस. काकूंनीही तुझ्याकडून काही मागितलं नव्हतं. हे मेलने पाठवलंस तरी चालेल, पण तिकडे सांत्वनाचं कार्ड पोस्टाने पाठवायची रीत अजून आहे, आणि मुंबईचा शिक्का असलेलं पाकीट तिच्या दारात पडलं तर ते चालत गेल्यासारखंच होईल. ब्रिटनमध्ये मदर्स डे आपल्यासारखा मे महिन्यात नसतो, तो मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला येतो. दुकानं कार्डांनी भरतात, आणि ज्याची आई नुकतीच गेली त्याला बाजारात जाणं नको होतं. तिचा तो पहिला असेल. त्या दिवशी ‘थिंकिंग ऑफ यू टुडे’ एवढे चार शब्द पाठव.

तुझ्या पत्रात मॅनेजर आहे, मैत्रीण आहे, काकू आहेत. बाबांबद्दल दीड ओळ आहे. काय झालं होतं गं त्यांना? कोणत्या डेपोला होते, कितव्या नंबरच्या गाडीवर? सावकाश लिही, सदरासाठी नको, मला लिही. मी सगळं वाचीन.